मेडल आधी कागदावर यावं लागतं, मग छातीवर

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. वडील १९६३ च्या सुरुवातीला भरती झाले, १५ वर्षं करून १९७८ ला नाईक म्हणून पेन्शनवर गावी आले, ७१ च्या लढाईत त्यांची पलटण पंजाबच्या बॉर्डरवर होती, आणि डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळतं ते सेवेचं पुस्तक) मेडलच्या रकान्यात दोनच नावं आहेत, रक्षा मेडल आणि २५ वा स्वातंत्र्य वर्धापन मेडल. हातात तर एकही मेडल कधी आलंच नाही. शेजारच्या गावातला त्यांचाच जोडीदार पाच मेडलं लावून झेंड्याला येतो आणि आबा, म्हणजे तुमचे वडील, त्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत. आता एकजण म्हणायलाय की १५ हजार द्या, मेडलं आणतो आणि पेन्शनबी वाढवून देतो.

पहिलं सांगतो, त्या माणसाला एक रुपया देऊ नका. राहिलेलं सर्व्हिस मेडल मागायला फी नसते आणि आबांची जी मेडलं राहिलीत असं मला दिसायलंय त्यातल्या एकानंही पेन्शन वाढत नाही. मी फौजेत २४ वर्षं क्लर्क ट्रेडला काढली, पलटणीच्या ऑफिसात आणि नंतर काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसात, जिथं जवानांच्या सेवेच्या नोंदी असतात, आणि रिटायर झाल्यापासून आपल्या मराठवाड्यातल्या माजी सैनिकांचे, त्यांच्या घरच्यांचे हेच कागद लिहून देतो, म्हणून दोन्ही बाजू मला माहीत आहेत, कागद कुठं अडतो ते पण आणि घरी बसलेल्या म्हाताऱ्याला काय वाटतं ते पण.

पैशाचं आधी मिटवू कारण गावोगावी याच्यावरच लोक फसायलेत. महिन्याला भत्ता मिळतो तो शौर्य पदकांना. परमवीर चक्राला २० हजार, महावीर चक्राला १० हजार, वीर चक्राला ७ हजार, अशोक चक्राला १२ हजार, कीर्ती चक्राला ९ हजार, शौर्य चक्राला ६ हजार आणि शौर्यासाठीच्या सेना मेडलला २ हजार, हे दर २०१७ ला दुप्पट झाले तेव्हाचे. आता घोळ कुठं होतो बघा, ‘सेना मेडल’ वेगळं आणि ‘सैन्य सेवा मेडल’ वेगळं. सैन्य सेवा हे अवघड भागात नोकरी केल्याचं मेडल आहे, जम्मू काश्मीर, हिमालय, नेफा (आताचा अरुणाचल), बंगाल आसाम, अंदमान निकोबार, मरुस्थल अशा त्याच्या पट्ट्या असतात, क्लास्प म्हणतात त्याला, आणि हजारो लाखो जवानांकडं ते असतं. नावं सारखी वाटतात म्हणून एजंट लोक डिस्चार्ज बुक बघतात आणि म्हणतात बाबा तुम्हाला तर सेना मेडल आहे, तुमचा महिन्याचा भत्ता बुडायलाय. माझ्याकडं असे किती जण आले, एका आजोबांनी तर म्हैस विकून पैसे दिले होते. असं कुणी म्हणालं की सरळ उठून या.

आता मुद्द्यावर. लोक अर्ज लिहितात ‘माझी मेडलं पाठवा’. हीच चूक. रेकॉर्ड ऑफिस त्याच माणसाला मेडल देऊ शकतं ज्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्या मेडलची नोंद आहे. म्हणून आधी मागायची ती नोंद, धातू नंतर. ही नोंद कशी होते ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. जवानाच्या आयुष्यात जे काही घडतं, लग्न, लेकरू, सुट्टी, प्रमोशन, दवाखाना, कोर्स, मेडल, ते पलटणीचा क्लर्क ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापतो. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्या माणसाच्या ‘शीट रोल’वर, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदीच्या कागदावर, चढते. डिस्चार्जच्या वेळी शीट रोल बघून डिस्चार्ज बुक भरतात. म्हणजे पलटणीनं पार्ट टू ऑर्डर काढलीच नाही, किंवा काढली पण शीट रोलवर चढली नाही, किंवा चढली पण बुक भरताना रकान्यात उतरली नाही, या तिन्हीपैकी काहीतरी एक आबांच्या बाबतीत झालंय. तिसरं असेल तर काम लई सोपं, पहिलं असेल तर घाम निघतो.

आबांना काय काय मिळायला पाहिजे होतं ते तारखांवरून काढता येतं. १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेवेत होता त्याला २५ वा स्वातंत्र्य वर्धापन, ते बुकात आहे. १९६५ च्या वेळचं रक्षा मेडल, ते पण आहे. ९ वर्षं दीर्घ सेवा मेडल, आबांची ९ वर्षं १९७२ लाच पूर्ण झाली, वागणूक चांगली असेल तर ते मिळतं, ते बुकात नाही. ७१ च्या लढाईचं संग्राम मेडल, ते नाही. आणि पश्चिम आघाडीवर जे ऑपरेशनच्या भागात होते त्यांना पश्चिमी स्टार, पूर्वेकडं बांगलादेशात उतरले त्यांना पूर्वी स्टार, आबांना यातलं पश्चिमी लागू होतं, ते पण नाही. म्हणजे तीन राहिलीत आणि दोन लिहिलेली पण हातात नाहीत. जोडीदाराच्या छातीवर पाच आहेत म्हणता, हिशोब बरोबर जुळतो. आबांना अजून एक विचारा, ६५ च्या ऑगस्ट सप्टेंबरमध्ये ते कुठं होते, प्रत्यक्ष लढाईच्या भागात असतील तर समर सेवा स्टारचा प्रश्न येतो, आणि काश्मीर, नेफा, राजस्थानच्या वाळवंटात किती दिवस काढले ते पण विचारा, तिथून सैन्य सेवा मेडल निघू शकतं. पण एक ध्यानात ठेवा, जे बसत नाही ते मागू नका. २० वर्षं दीर्घ सेवा मेडल आबांना लागू नाही, १५ वर्षांतच घरी आले ते. जोडीदाराकडं आहे म्हणून आपल्यालाही पाहिजे असं लिहिलं की टेबलावरचा माणूस सगळा अर्जच संशयानं वाचतो, मी त्या टेबलावर बसलोय म्हणून सांगतो.

राहून कामून जातं हे पण लोक विचारतात, आणि म्हातारी माणसं तर ते मनाला लावून घेतात, वाटतं की साहेबांनी मुद्दाम वगळलं. बहुतेक वेळा तसं नसतं. लढाई संपते, मेडल नंतर जाहीर होतं, मग पलटणीनं कोण कोण त्या भागात होतं याची यादी करायची, नॉमिनल रोल. यादी होते तेव्हा जो हजर त्याचं नाव पटकन येतं. जो जखमी होऊन मिलिटरी हॉस्पिटलात होता, जो कोर्सला होता, जो ब्रिगेड हेडक्वार्टरला किंवा दुसऱ्या युनिटला अटॅच होता, त्याचं नाव सुटतं. मी तरुण क्लर्क असताना एका पलटणीत असाच रोल टाईप केला होता आणि पाठवून झाल्यावर कंपनीच्या हवालदारानं येऊन सांगितलं की दोघं सुट्टीवर आहेत, त्यांची नावं कुठंत. तेव्हा ताबडतोब पुरवणी यादी गेली म्हणून बरं. सगळीकडं असं सांगणारा हवालदार नसतो. आबांना हे सांगा, त्यांना थोडं हलकं वाटेल.

दुसरं कारण आपल्याकडचंच आहे. यादी झाल्यावर मेडल बनतं, त्याच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलं जातं, मग ते वाटपाला येतं, यात वर्षं जातात. तोवर जवान रिटायर होऊन गावी गेलेला असतो, मग ते पोस्टानं घरच्या पत्त्यावर जातं. आता ७० च्या दशकातला आपला पत्ता आठवा. पिन कोडच मुळी १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तुमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं, तेव्हा जिल्हा परभणी, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. जालना १९८१ पर्यंत औरंगाबादमध्ये होतं, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादमध्ये. आता तर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालंय. त्यात ७२ च्या दुष्काळात अर्धी गावं कामाला बाहेर गेलेली, घराला कुलूप, पोस्टमन दोनदा येऊन पाकीट परत पाठवायचा. परत गेलेलं मेडल रेकॉर्ड ऑफिसात जमा व्हायचं. म्हणून जी दोन मेडलं बुकात आहेत पण मिळाली नाहीत, त्याबद्दल अर्जात वेगळं वाक्य लिहा की ही मेडलं पाठवली गेली होती का, कोणत्या पत्त्यावर, आणि परत आली होती का. आणि जुना पत्ता व नवा पत्ता दोन्ही लिहा, ‘पूर्वीचा जिल्हा परभणी, सध्याचा जिल्हा हिंगोली’ असं. नुसता नवा जिल्हा लिहिला तर रेकॉर्डशी पत्ता जुळत नाही म्हणून पत्र परत आलेलं मी बघितलंय.

नावाचं सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की आधारवर वेगळं आहे. मराठवाड्यातल्या जुन्या जवानांचं हे ठरलेलं दुखणं आहे. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, शाळा उर्दूतून, कित्येकांकडं शाळेचा दाखलाच उर्दूत, कित्येकांकडं दाखलाच नाही. भरतीला गेले, समोरचा क्लर्क पंजाबचा किंवा यूपीचा, यानं सांगितलं धोंडिबा किशन, त्यानं इंग्रजीत जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आडनाव विचारलंच नाही. आता आधारवर धोंडीराम किशनराव आणि पुढं आडनाव. माणूस एकच, कागदावर दोन. मेडलची नोंद करताना हे आडवं येतं. तर अर्जात नाव तेच लिहायचं जे डिस्चार्ज बुकात आहे, अक्षर न अक्षर तसंच, आणि सोबत नोटरीपुढं केलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं की ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत. नाव कायमचं बदलून घ्यायचं असेल तर ते वेगळं काम आहे, त्याचा अर्ज वेगळा करा, मेडलच्या अर्जात मिसळू नका, दोन्ही कामं अडकतात. स्पर्श पोर्टलवरचं लोक विचारतात, तिथं पेन्शनचं काम होतं, राहिलेलं मेडल तिथं दुरुस्त होत नाही.

अर्ज कुठं करायचा, तर आबांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, रणगाडेवाल्यांचं अहिल्यानगर, सिग्नलचं जबलपूर, ईएमई (गाड्या, यंत्रं दुरुस्त करणारे) आणि ऑर्डनन्सचं (सामान पुरवणारे) सिकंदराबाद, मेडिकल कोअरचं लखनौ. नेव्हीच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, एअर फोर्सचं दिल्लीत सुब्रोतो पार्क. ज्यांनी पलटणीनंतर डीएससीमध्ये (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) दुसरी नोकरी केली त्यांची तेवढ्या काळाची नोंद केरळात कन्नूरला असते, पहिल्या नोकरीचं मेडल तिथं मागून उपयोग नाही. ऑफिसर लोकांचं सगळं दिल्लीला, त्यात मी जास्त जात नाही.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा. मराठीत लिहिला तर सागरला किंवा जबलपूरला तो वाचणारा माणूस शोधण्यातच दिवस जातात. एक पान पुरे. आबांच्या बहादुरीची गोष्ट त्यात नको, ती आपल्या घरात सांगायची, तिथं पाहिजे आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट, रँक, बुकातलं नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शनची ऑर्डर) नंबर, आणि पलटण, कंपनी, त्या काळात कुठं होतो ते. मग मागणी, सरळ शब्दांत: माझ्या शीट रोलमध्ये कोणकोणत्या मेडलची नोंद आहे ते कळवावं, त्या त्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख द्यावी, संग्राम मेडल, पश्चिमी स्टार आणि ९ वर्षं दीर्घ सेवा मेडल यांची नोंद नसेल तर पात्रता तपासून नोंद घ्यावी, आणि डिस्चार्ज बुकातली नोंद दुरुस्त करून द्यावी. मेडल पाठवा हे वाक्य सगळ्यात शेवटी. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, माजी सैनिक ओळखपत्र, पीपीओ, आधार. मूळ डिस्चार्ज बुक कधीच पोस्टानं पाठवू नका, कुणी किती बी मागितलं तरी.

आणि हा अर्ज थेट न टाकता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून फॉरवर्ड करून घ्या. तिथल्या अधिकाऱ्याचं कव्हरिंग लेटर लागलं की तिकडं त्याला डायरी नंबर पडतो आणि उत्तर द्यावं लागतं. एक प्रत तुम्ही स्वतः स्पीड पोस्टनं पाठवा, पावती डिस्चार्ज बुकात लावून ठेवा. सही आबांचीच पाहिजे, हात थरथरत असेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. मुलाच्या सहीनं आलेल्या अर्जाला, वडील हयात असताना, ‘संबंधित व्यक्तीनं अर्ज करावा’ एवढंच उत्तर येतं आणि चार महिने वाया जातात.

पुढं उत्तर येईल. माझ्या अनुभवात तीन तऱ्हेची उत्तरं येतात. एक, नोंद आहे, मेडल स्टॉकमध्ये नाही, आल्यावर पाठवू. हे उत्तर म्हणजे तुमचं काम झालंय असं समजा. मेडल बनवून घेण्यात फौजेकडं कित्येक वर्षांचा बॅकलॉग राहिलाय, चालू सेवेतले जवानसुद्धा कँटीनबाहेरच्या दुकानातून ‘टेलर कॉपी’ घेऊन लावतात. नोंद असलेल्या मेडलची टेलर कॉपी आबांनी लावायला काही हरकत नाही, अस्सल येईपर्यंत झेंड्याला उघड्या छातीनं कशाला जायचं. फक्त त्या कॉपीच्या कडेवर नंबर नाव नसतं, हा फरक.

दुसरं उत्तर, ‘उपलब्ध कागदपत्रांत नोंद आढळत नाही’. इथं बहुतेक लोक हात टेकतात आणि इथंच टेकायचं नसतं. नोंद आढळत नाही म्हणजे पात्र नाही असं नव्हे. आता पुरावा द्यायची पाळी आपली. आबा ७१ च्या डिसेंबरात त्या भागात होते हे कशानं दाखवता येईल? घरातली जुनी पत्रं काढा. फौजेतून आलेल्या इनलँडवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो आणि पत्त्यात ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा पूर्वेकडं ९९ एपीओ. तारखेसह तो शिक्का म्हणजे जवान कोणत्या आघाडीला होता याची खूण. तुमच्या आजीनं ती पत्रं कुठल्यातरी डब्यात ठेवली असणार, बायका पत्रं टाकत नाहीत. सुट्टीचं सर्टिफिकेट, रेल्वेचं वॉरंट, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, पे बुक, पलटणीचा ग्रुप फोटो ज्याच्या मागं तारीख लिहिलीय, हे सगळं चालतं. आणि तो पाच मेडलवाला जोडीदार! तो त्याच कंपनीत होता का विचारा, असेल तर त्याच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, की हा माझ्यासोबत अमुक ठिकाणी होता. तो शेजारच्याच गावात आहे आणि हयात आहे, हे तुमचं मोठं नशीब आहे, उद्याच जा. हे सगळं जोडून दुसरा अर्ज करा आणि त्याची प्रत पलटणीच्या सध्याच्या कमांडिंग ऑफिसरला पण पाठवा. पलटणीकडं स्वतःचं जुनं रेकॉर्ड, डायजेस्ट म्हणजे पलटणीच्या इतिहासाची वही, फोटो असतात आणि आपल्या जुन्या माणसाचं पत्र आलं की पलटण मनापासून शोधते, रेकॉर्ड ऑफिसात बसून मी हे बघितलंय, पलटणीनं पत्र दिलं की आमचं पण काम सोपं व्हायचं.

तिसरं उत्तर सगळ्यात वाईट, ‘कागदपत्रं नष्ट केली आहेत’. ज्यांना पेन्शन नाही त्यांची कागदं डिस्चार्जनंतर २५ वर्षं ठेवून नियमानं नष्ट करतात. आबांना पेन्शन आहे म्हणून ही भीती तुम्हाला कमी आहे, पण पाच सात वर्षांत पेन्शनशिवाय घरी आलेल्या जवानांना हे उत्तर हमखास येतं. त्यांनी एक शब्द लक्षात ठेवायचा, ‘लाँग रोल’. सगळं नष्ट केलं तरी लाँग रोल रजिस्टर ठेवतात, त्यात नाव, नंबर, भरती, डिस्चार्ज एवढं तरी सापडतं, आणि त्यावरून निदान सेवेच्या तारखांवर आधारलेली मेडलं मागता येतात.

उत्तरच आलं नाही तर आरटीआय टाका, तो आबांच्या नावानं, केंद्र सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवर किंवा १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. मागायचं काय, तर शीट रोलची प्रत आणि मेडल वाटपाच्या रजिस्टरमधल्या आपल्या नोंदीची प्रत. आरटीआयमध्ये ‘मला मेडल कामून दिलं नाही’ असं विचारू नका, आरटीआय कागद देतो, न्याय देत नाही. शीट रोलची प्रत हातात आली की अर्धी लढाई तिथंच दिसते, कारण कधी कधी पश्चिमी स्टार शीट रोलवर स्वच्छ लिहिलेलं असतं आणि फक्त बुकात उतरवायचं राहिलेलं असतं. तक्रार म्हणून केंद्राच्या तक्रार पोर्टलवर पण टाकता येतं. सगळे दरवाजे बंद झाले आणि लेखी नकार आला तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे फौजींच्या कोर्टाचं, बेंच आहे, अंतिम नकारानंतर ६ महिन्यांत जावं लागतं, म्हणून नकाराचं पत्र आलं की त्यावरची तारीख बघा. पण सर्व्हिस मेडलसाठी तिथवर जायची वेळ फार थोड्यांवर येते, माझ्या हातून गेलेली बहुतेक कामं दुसऱ्या तिसऱ्या पत्रातच सुटली.

तुम्ही शेवटी विचारलंय की डिस्चार्ज बुकच हरवलं असेल तर काय, तुमच्या मामांचं. ते लोहारा भागातले म्हणता म्हणून समजलो. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी सगळं खाली. लातूर आणि उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात कितीतरी माजी सैनिकांच्या ट्रंका मातीच्या भिंतींखाली गेल्या, त्यात मेडलं, बुकं, फोटो सगळं. एका हवालदाराचं काम मी केलं होतं, घरातली तीन माणसं गेली होती, तो मेडलचं बोलायलाच तयार नव्हता, म्हणायचा माणसं नाहीत तर पितळ काय करू. दहा बारा वर्षांनी त्याची नात मोठी झाली, शाळेत १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम होता, तिनं विचारलं आजोबा तुमची मेडलं कुठंत, तेव्हा आला माझ्याकडं. अशा केसमध्ये पोलिसात हरवल्याची नोंद, तहसीलदाराचा भूकंपग्रस्त असल्याचा कागद आणि प्रतिज्ञापत्र लावून आधी डिस्चार्ज बुकाची दुसरी प्रत मागायची, ती आली की तिच्या आधारानं मेडलं. एकदा मिळून हरवलेलं मेडल पुन्हा पाहिजे असेल तर त्याची किंमत भरावी लागते, कधीच न मिळालेल्याची भरावी लागत नाही, म्हणून अर्जात ‘हरवलं’ आणि ‘मिळालंच नाही’ हे शब्द जपून वापरा. आबांच्या अर्जात ‘हरवलं’ हा शब्द चुकून सुद्धा येऊ देऊ नका.

जवान गेलेला असेल तर त्याच्या पत्नीनं, ती नसेल तर वारसानं मागता येतं, मृत्यूचा दाखला आणि रेकॉर्डमध्ये नोंद असलेल्या नात्याचा पुरावा लागतो. पण जवान हयात असतानाच करा. कोणती कंपनी, कोणता मोर्चा, कोण सुभेदार होता, हे ८१ वर्षांच्या माणसाला आज आठवतंय, आणि बायकोला किंवा पोराला ते कधीच माहीत नसतं.

मेडल घरी आलं की पहिल्यांदा त्याची कड बघा, नंबर आणि नाव बरोबर आहे का. चुकलं असेल तर गावातल्या सोनाराकडं नेऊन खोडू नका, झेरॉक्स आणि फोटोसकट रेकॉर्ड ऑफिसला परत कळवा, खोडलेलं मेडल नंतर कुणी खरं धरत नाही.

आणि अर्ज लिहायला बसाल तेव्हा आर्मी नंबर बुकातून बघून उतरवू नका. आबांना खुर्चीवर बसवा आणि म्हणा, आबा, नंबर बोला. ते एका दमात बोलतील, शेवटच्या अक्षरासकट, ५० वर्षं झाली तरी तो नंबर माणूस विसरत नाही. तो लिहून घ्या आणि मग बुकातल्या नंबरशी, पीपीओवरच्या नंबरशी ताडून बघा. एखादा आकडा जरी वेगळा निघाला तर अर्ज थांबवा आणि आधी मला दाखवा, कारण मग मेडल कामून राहिलं त्याचं कारण बहुधा तेच असेल.